रोझेटीचे 'बिआता बिआत्रिक्स': हे मृत्यूचे चित्र मानावे की समाधीचे?

मृण्मयी (प्रश्न):

आमच्या गावातील वाचनालयात चित्ररसास्वादाची बैठक नियमित भरते आणि पुढच्या बैठकीत एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकारांच्या 'प्री-रॅफेलाइट' गटातील दान्ते गॅब्रिएल रोझेटी या चित्रकाराच्या 'बिआता बिआत्रिक्स', म्हणजे 'धन्य बिआत्रिचे', या चित्राविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ तैलचित्र लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात असून ते साधारण १८६४ ते १८७० या काळात रंगवले गेले. चित्रात एक तांबूस केसांची स्त्री बसलेली आहे, तिचे डोळे मिटलेले आणि चेहरा किंचित वर उचललेला आहे, ओठ जरासे विलग आहेत आणि दोन्ही हात मांडीवर सैल उघडे पडले आहेत. प्रभावलय असलेला एक लाल पक्षी चोचीत अफूचे पांढरे फूल घेऊन तिच्या हातांपाशी उतरतो आहे. तिच्यामागे सावलीचे घड्याळ दिसते आणि त्याहून मागे, धूसर उजेडात, डाव्या बाजूला एक लाल आकृती, उजव्या बाजूला एक गडद आकृती आणि त्या दोघांच्या मध्ये नदीवरचा पूल आहे.

या चित्राविषयी जे काही वाचायला मिळाले त्यातील बहुतेक ठिकाणी एकच कथा पुढे येते: रोझेटीची पत्नी एलिझाबेथ सिडल फेब्रुवारी १८६२ मध्ये लॉडनमच्या, म्हणजे अफूच्या अर्काच्या, अतिसेवनाने मरण पावली आणि तिच्या स्मरणार्थ त्याने हे चित्र काढले, म्हणून त्यात अफूचे फूल आहे. कथा करुण आहे यात शंका नाही. परंतु चित्रातील प्रत्येक गोष्टीचा उलगडा पत्नीच्या मृत्यूनेच होणार असेल, तर तेराव्या शतकातील इटालियन कवी दान्ते आणि त्याची प्रेयसी बिआत्रिचे यांना त्यात आणण्याची रोझेटीला गरज का वाटली असावी, हे मला समजत नाही. शिवाय हा मृत्यूचा प्रसंग नाही, असे रोझेटीने स्वतः एका पत्रात लिहिल्याचेही वाचले. मग समोर दिसते ते नेमके काय आहे? आमच्या बैठकीला येणाऱ्या बहुतेकांनी दान्ते वाचलेला नाही, तेव्हा त्यांच्यासमोर हे चित्र कोणत्या बाजूने उलगडावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नदीकाठ:

मृण्मयी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर दान्तेच्या एका लहानशा पुस्तकात आहे आणि माझ्या मते बैठकीची सुरुवातही तिथूनच करावी. 'डिव्हाइन कॉमेडी' या आपल्या महाकाव्याच्या कितीतरी आधी, १२९० नंतरच्या काही वर्षांत, दान्तेने 'व्हिता नुओव्हा' म्हणजे 'नवे जीवन' हे पुस्तक लिहिले. त्यात कविता आहेत आणि प्रत्येक कविता कशी सुचली याचे गद्य निवेदनही आहे. आपण जेमतेम नऊ वर्षांचे असताना बिआत्रिचेला प्रथम पाहिले, तेव्हा तिने गडद लाल वस्त्र नेसले होते आणि त्यानंतर बरोबर नऊ वर्षांनी, दिवसाच्या नवव्या तासाला, तिने रस्त्यात आपल्याला पहिल्यांदा अभिवादन केले, असे तो सांगतो. त्याच रात्री त्याला स्वप्न पडते: प्रेमदेवता लाल वस्त्रात गुंडाळलेल्या, झोपलेल्या बिआत्रिचेला हातांवर घेऊन येते आणि दान्तेचे जळते हृदय तिला खाऊ घालते. रोझेटीच्या चित्रात डावीकडे जी लाल आकृती आहे ती हीच प्रेमदेवता आणि तिच्या हातातील ज्योत हे तेच हृदय होय. उजवीकडे अंधारात उभा आहे तो दान्ते.

आता तुमचा मुख्य मुद्दा. बिआत्रिचे १२९० च्या जूनमध्ये, ऐन विशीत, वारली. 'व्हिता नुओव्हा'त ही बातमी ज्या रीतीने येते, तिच्याइतकी विलक्षण जागा मध्ययुगीन साहित्यात मला दुसरी आढळलेली नाही. दान्ते तिच्यावर एक दीर्घ कविता रचत असतो, तिचे एकच कडवे पूर्ण झालेले असते आणि तेवढ्यात निवेदन तुटते व बायबलमधील विलापगीताची पहिली ओळ लॅटिनमध्ये उमटते: लोकांनी गजबजलेली ही नगरी किती एकाकी बसली आहे! मूळ ओळीत पुढे त्या नगरीला विधवेची उपमा आहे. त्यानंतर वाचक मृत्यूच्या वर्णनाची वाट पाहतो आणि दान्ते ते वर्णन करायला स्पष्ट नकार देतो. तो तीन कारणे देतो: हा या पुस्तकाचा विषय नाही, माझ्या लेखणीला ते पेलणार नाही आणि ते लिहायचे तर मला आत्मस्तुती करावी लागेल. वर्णनाच्या जागी तो नऊ या अंकाचा विचार मांडतो. अरबांच्या कालगणनेने ती महिन्याच्या नवव्या दिवशी गेली, सीरियाच्या गणनेने वर्षाच्या नवव्या महिन्यात आणि आपल्या गणनेने त्या शतकात दहा हा पूर्णांक नऊ वेळा भरला त्या वर्षी. नऊ म्हणजे त्रयीची त्रयी, म्हणून तिचे मूळ दैवी आहे, असे त्याचे म्हणणे.

हे ठाऊक असले की रोझेटीने काय केले ते लख्ख दिसते. त्याच्या सावलीच्या घड्याळाचा काटा नऊवर आहे. चित्राची चौकटही त्यानेच योजली आणि तिच्यावर ९ जून १२९० ही तारीख व विलापगीताची तीच लॅटिन ओळ घातली. ज्या क्षणी दान्तेने लेखणी थांबवली, नेमका तोच क्षण चित्रकाराने निवडला आणि दान्तेप्रमाणे त्यानेही मृत्यू दाखवण्याचे नाकारले. मृत्युशय्या नाही, रडणारे आप्त नाहीत, प्रेत नाही. तुम्ही ज्या पत्राचा उल्लेख केला त्यात त्याने लिहिले आहे की हा बिआत्रिचेच्या मृत्यूचा प्रसंग समजू नये, ही एक समाधी किंवा अकस्मात झालेले आत्मिक रूपांतर आहे. ती मिटलेल्या पापण्यांतून स्वर्गात पाहते आहे आणि तो तेजस्वी पक्षी मृत्यूचा दूत म्हणून तिच्या उघड्या हातांत पांढरे फूल टाकतो आहे. हे पापण्यांतून पाहणेही 'व्हिता नुओव्हा'च्या अखेरच्या ओळींतून आलेले आहे, जिथे बिआत्रिचे परमेश्वराच्या मुखाकडे पाहते आहे. थोडक्यात, समाधी असेच माझे उत्तर आहे आणि त्याला आधार कवीच्या मजकुराचा आहे.

रोझेटीला हा मजकूर किती जवळचा होता, हेही श्रोत्यांना सांगावे. त्याचे वडील गॅब्रिएले रोझेटी हे इटलीतून परागंदा होऊन लंडनला आलेले कवी. ते किंग्ज कॉलेजमध्ये इटालियन शिकवत आणि दान्तेचा गूढार्थ शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. मुलाच्या नावात त्यांनी 'दान्ते' घातले आणि मुलाने पुढे ते आपल्या नावाच्या अग्रभागी आणले. विशीतच त्याने 'व्हिता नुओव्हा'चे इंग्रजी भाषांतर केले होते आणि ते १८६१ मध्ये, म्हणजे पत्नीच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. बिआत्रिचे त्याच्या मनात सिडलला भेटण्याच्या आधीपासून होती.

उत्तररात्र:

नदीकाठ यांनी मजकुराची बाजू इतकी नेमकी मांडली आहे की तिच्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मी चित्र कसे रंगवले आहे त्याकडे लक्ष वेधू इच्छिते, कारण समाधीची जाणीव पाहणाऱ्याला आधी रंगातून होते आणि दान्तेचा संदर्भ त्यानंतर येतो.

प्री-रॅफेलाइट ब्रदरहुड, म्हणजे हा चित्रकारांचा गट, १८४८ मध्ये स्थापन झाला तेव्हा रोझेटीचे सहकारी चित्रकार मिले आणि हंट यांनी ओल्या पांढऱ्या थरावर शुद्ध, तेजस्वी रंग बारीक कुंचल्याने लावण्याची पद्धत अवलंबली. गवताचे पातेन् पाते, पानाची शीरन् शीर स्वच्छ दिसावी हा त्यांचा आग्रह होता. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मधील बुडून मरणाऱ्या नायिकेचे मिलेने काढलेले 'ऑफिलिया' हे १८५१-५२ मधील चित्र त्याच पद्धतीचे आणि त्यासाठी बसलेली स्त्री एलिझाबेथ सिडलच होती. तेही टेट ब्रिटनमध्येच आहे. मृण्मयी, शक्य असेल तर ही दोन चित्रे पडद्यावर एकापाठोपाठ दाखवा. 'ऑफिलिया'त नदीकाठच्या प्रत्येक फुलाला स्वतःची कड आहे. 'बिआता बिआत्रिक्स'मध्ये कडाच विरघळल्या आहेत. उजेड मागून येतो, केसांच्या कडेला तांबूस तेज देतो आणि चेहरा मात्र मऊ सावलीत ठेवतो. त्यामुळे देवचित्रांतील सोन्याचे वलय तिच्या डोक्याभोवती न काढताही ते असल्याचा भास होतो. खरे काढलेले वलय आहे ते पक्ष्याला.

रंगांची निवडही पाहण्यासारखी आहे. ख्रिस्ती चित्रपरंपरेत पवित्र आत्म्याचे कबूतर पांढरे असते, तर इथे पक्षी लाल आहे आणि फूल पांढरे. अफूची फुले अनेक रंगांची असली तरी चित्रांत आपल्याला लालच जास्त भेटतात, म्हणून ही अदलाबदल डोळ्यांत भरते. त्या लाल रंगाचे नाते मागच्या प्रेमदेवतेशी आहे आणि, नदीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे, लहानग्या बिआत्रिचेच्या वस्त्राशीही आहे. तिच्या अंगावर हिरवा झगा असून बाह्या करड्या-जांभळ्या आहेत. ब्रदरहुडमधील त्याचा मित्र फ्रेडरिक स्टीफन्स याने हे आशेचे आणि शोकाचे रंग असल्याचे नोंदवले आहे. मला स्वतःला त्या हिरव्या रंगाचा फार आधार वाटतो. तो नसता तर सगळे चित्र मावळतीच्या राखाडी-तांबूस छटांत बुडाले असते.

मागच्या पुलाविषयी एक गोष्ट. ही नदी आर्नो, शहर फ्लॉरेन्स आणि पूल पोन्ते व्हेक्क्यो असे मानले जाते. आज उभा असलेला तो पूल १३४५ चा आहे. आधीचा १३३३ च्या पुरात वाहून गेला होता. रोझेटी जन्मभरात एकदाही इटलीला गेला नाही. त्याचे फ्लॉरेन्स वडिलांच्या ग्रंथांतून आणि दान्तेच्या ओळींतून तयार झालेले होते आणि कदाचित म्हणूनच चित्रातील शहराला भूगोल जवळजवळ नाही, नुसता उजेड आहे.

केशर:

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला. परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते. चित्राचा आधार दान्तेचा मजकूर आहे हे मान्य केले तरी त्यातील चेहरा कोणाचा हा प्रश्न त्याने संपत नाही. तो चेहरा एलिझाबेथ सिडलचा आहे. हे चित्र मुख्यतः तिच्या निधनानंतर रंगवले गेले, त्यामुळे ज्या स्त्रीला आपण ध्यानमग्न म्हणतो आहोत ती त्यासाठी समोर बसलेली नव्हती. दान्तेने मृत्यूचे वर्णन नाकारले तेव्हा बिआत्रिचे दुसऱ्याची पत्नी होती आणि त्या दोघांत अभिवादनापलीकडे फारसे काही घडले नव्हते. रोझेटीचे तसे नव्हते. त्यांचे लग्न अनेक वर्षे रखडून मे १८६० मध्ये झाले, पुढच्या वर्षी त्यांची मुलगी मृत जन्माला आली आणि ११ फेब्रुवारी १८६२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सिडल गेली. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. चित्रातील फूल अफूचे आहे. हा संबंध चित्रकाराच्या ध्यानात आला नसेल असे मानणे मला अशक्य वाटते.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, तुमच्या बैठकीत सिडलचा उल्लेख केवळ 'चित्रकाराची स्फूर्तिदेवता' एवढाच होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती लंडनमधील एका टोप्यांच्या दुकानात काम करत होती आणि तिथून ती मॉडेल म्हणून या चित्रकारांच्या वर्तुळात आली. 'ऑफिलिया'साठी हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या टबात ती तासन्‌तास पडून राहिली, पाणी कोमट ठेवण्यासाठी टबाखाली लावलेले दिवे विझले आणि ती आजारी पडली. ही हकिगत सगळीकडे सांगितली जाते. पण तिने स्वतः चित्रे काढली, कविता लिहिल्या, हे फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते. १८५५ मध्ये जॉन रस्किनसारख्या समीक्षकाने तिची त्यावेळची सगळी चित्रे विकत घेतली आणि तिला वर्षाला १५० पौंड देऊ केले. १८५७ मध्ये प्री-रॅफेलाइटांनी लंडनमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरवले, त्यात चित्रे मांडणारी ती एकमेव स्त्री होती. तिने १८५३-५४ मध्ये काढलेले स्वतःचे छोटे व्यक्तिचित्र जरूर शोधून पाहा. त्यात डोळे उघडे आहेत, नजर पाहणाऱ्यावर रोखलेली आहे, चेहरा थकलेला आणि किंचित कठोर आहे. रोझेटीने रंगवलेल्या स्वप्नाळू मुद्रेचा त्यात मागमूस नाही.

रोझेटीची बहीण क्रिस्टिना हिने १८५६ मध्ये एका चित्रकाराच्या स्टुडिओवर एक सुनीत लिहिले होते, जे तिच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सगळ्या कॅनव्हासांवरून एकच चेहरा पाहतो आहे. तो चित्रकार दिवसरात्र त्या चेहऱ्यावर पोसला जातो आणि तिला ती आहे तशी न रंगवता त्याच्या स्वप्नात भरून राहते तशी रंगवतो, असे ती म्हणते. हे सुनीत सिडल हयात असताना लिहिले गेले. घरातल्या माणसाला, तेही इतक्या आधी, हे दिसले होते.

मृण्मयी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विलापगीताची ओळ आणि चौकट यांविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. मी पाहिलेल्या सगळ्या छायाचित्रांत चौकट कापलेली होती. केशर, तुमचा मुद्दा मला पटतो आणि त्यामुळे एक नवी अडचणही उभी राहते. सिडलला तिचे स्वतःचे स्थान द्यायचे असेल, तर या चित्रात तिला शोधणे हाच तिच्यावर अन्याय ठरत नाही का? आणखी एक शंका: या चित्राच्या निरनिराळ्या प्रती आहेत असे दिसते. एका ठिकाणी पक्षी पांढरा आणि फूल लाल आढळले. ती छपाईची चूक आहे की दुसरे चित्र?

जुनी वही:

मृण्मयीताई, ती छपाईची चूक नाही. रोझेटीने या विषयाच्या अनेक प्रती केल्या, कारण श्रीमंत ग्राहकांकडून त्यांना मागणी होती. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील प्रत विल्यम ग्रॅहम या ग्राहकासाठी केलेली असून १८७२ ची आहे. तिच्या खाली एक आडवी पट्टी जोडलेली आहे आणि त्या पट्टीत दान्ते व बिआत्रिचे यांची मृत्यूनंतर नंदनवनात झालेली भेट रंगवली आहे. नदीकाठ यांच्या बाजूने हा चांगला पुरावा आहे: ग्राहकासाठी चित्र पुन्हा करताना रोझेटीने कथा पुढे नेली ती दान्तेचीच. बर्मिंगहॅमची प्रत त्याने १८७७ मध्ये हाती घेतली, ती १८८२ मध्ये त्याच्या मृत्यूच्या वेळी अपुरी होती आणि त्याचा जुना मित्र फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन याने ती पूर्ण केली. पांढरा पक्षी आणि लाल फूल या प्रतीत आहे. टेटची प्रत पहिली. ती लेडी माउंट-टेंपल यांनी पतीच्या स्मरणार्थ १८८९ मध्ये देशाला दिली. आकार फार मोठा नाही, साधारण ८६ बाय ६६ सेंटिमीटर. पडद्यावर ती भिंतभर दिसेल, म्हणून हा आकार श्रोत्यांना आवर्जून सांगा.

आपल्याकडचे दोन दुवेही सांगण्याजोगे आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात 'डिव्हाइन कॉमेडी'चे एक अतिशय जुने, सचित्र हस्तलिखित आहे. ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने सोसायटीला भेट दिले. दुसरा दुवा असा की जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ पासून शिकवणारे जॉन लॉकवुड किपलिंग आणि प्री-रॅफेलाइटांच्या पुढच्या फळीतील एडवर्ड बर्न-जोन्स हे साडू होते. रोझेटी लंडनमध्ये हे चित्र रंगवत होता त्याच वर्षांत त्याच्या शिष्यमित्राचा आप्त मुंबईत विद्यार्थी घडवत होता. चित्राच्या अर्थाशी याचा संबंध नाही, पण आपल्या श्रोत्यांना हा काळ जवळचा वाटायला मदत होईल.

नदीकाठ:

केशर यांच्या प्रतिसादाने माझी मांडणी अपुरी होती ती पूर्ण झाली, असे मी मानतो. तरीही अफूच्या फुलाविषयी थोडे सावध राहावे. अफू ही झोपेची आणि मृत्यूची खूण म्हणून युरोपीय काव्यात ग्रीक-रोमन काळापासून चालत आलेली आहे, त्यामुळे लॉडनमची बाटली घरात नसती तरीही चित्रकाराने हेच फूल निवडले असते, अशी शक्यता उरते. रोझेटी पत्नीला लाडाने 'कबूतर' म्हणत असे, हे मात्र केशर यांच्या बाजूने जाते. दोन्ही अर्थ त्या एका पक्ष्याच्या चोचीत आहेत आणि त्यातला एक काढून टाकायला चित्र आपल्याला कुठे सांगत नाही.

मृण्मयी, सिडलला चित्रात शोधणे अन्यायाचे आहे का, या तुमच्या प्रश्नावर मला असे वाटते की शोधावे, पण तिला शोधताना तिचे स्वतःचे चित्र शेजारी ठेवावे. रोझेटीच्या चित्रात जी दिसते ती त्याला आठवणारी, किंबहुना त्याला हवी असलेली स्त्री आहे. दान्तेच्या बाबतीतही हेच आहे: बिआत्रिचे पोर्तिनारी ही फोल्को पोर्तिनारी यांची मुलगी आणि सिमोने दे बार्दी यांची पत्नी होती, आणि एक माणूस म्हणून ती कशी बोलत असे, कशावर हसत असे, याचा 'व्हिता नुओव्हा'त पत्ता नाही.

केशर:

नदीकाठ, अफूच्या फुलाबाबतची सावधगिरी मला मान्य आहे. एक गोष्ट मात्र श्रोत्यांपासून लपवू नये असे वाटते. पत्नीला पुरताना रोझेटीने आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली होती. १८६९ च्या शरदात त्याच्या संमतीने हायगेटच्या स्मशानातील ती कबर रात्री उघडून वही बाहेर काढण्यात आली, तो स्वतः तिथे गेला नाही आणि पुढच्या वर्षी त्याचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. हे चित्र १८७० च्या सुमारास पूर्ण झाले, म्हणजे तो चेहरा तेव्हा त्याच्या घरात, त्याच्यासमोर होता. ही हकिगत सनसनाटी म्हणून सांगू नये. तारखा सांगाव्यात आणि पुढे जावे.

मृण्मयी:

सर्वांच्या सूचना एकत्र करून मी क्रम असा ठरवला आहे. आधी चौकटीसह पूर्ण चित्र दाखवेन आणि काही वेळ कोणतीही माहिती देणार नाही. मग चौकटीवरची तारीख आणि विलापगीताची ओळ वाचून 'व्हिता नुओव्हा'तील तो तुटलेला प्रसंग सांगेन. त्यानंतर 'ऑफिलिया' आणि शेवटी सिडलचे स्वतःचे व्यक्तिचित्र. त्या व्यक्तिचित्राचे चांगले, मोठे छायाचित्र कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. मला मिळालेले फारच लहान आहे आणि पडद्यावर त्यातले डोळे नीट दिसत नाहीत.